बावीस अक्षरांचा लगाम

गेल्या अंकात कॅन्सरच्या पेशीबद्दल लिहिताना मायक्रोआरएनए हा शब्द मी एकदाच वापरला आणि तसाच सोडून पुढे गेले. तो समजावून सांगायला हवा होता. नंतरच्या पंधरा दिवसांत त्यावर तेरा पत्रं आली, त्यातली पाच इथे घेतली आहेत. बहुतेकांनी घरातल्या आजारपणाबद्दल लिहिलं आहे, म्हणून नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मी नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालो. २०२४ साली मायक्रोआरएनएच्या शोधाला नोबेल मिळालं, तेव्हा पेपरातली बातमी कापून ठेवली, कारण त्याच वर्षी पत्नीचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. चार वेळा वाचली, पण डोक्यात शिरली नाही. आमच्या भाषेत सांगता येईल का? (एक वाचक, जेलरोड, नाशिकरोड)

काका, तुमच्या छापखान्यातूनच सुरुवात करू. नोटेची मूळ प्लेट कडीकुलपात असते, ती बाहेर जात नाही. बाहेर जातात त्या छापलेल्या प्रती. पेशीतही तसंच आहे. डीएनए ही मूळ प्लेट केंद्रकात राहते. तिच्यावरून उतरवलेली प्रत, म्हणजे संदेशवाहक आरएनए, केंद्रकाबाहेर येते आणि तिच्यावरचा मजकूर वाचून प्रथिन तयार होतं. पूर्वी आम्ही वर्गात एवढंच शिकवायचो : प्लेट, प्रत, प्रथिन. किती प्रथिन बनवायचं ते प्रती किती छापल्या यावर ठरतं, असंच आम्ही धरून चाललो होतो.

प्रत छापून बाहेर आल्यावरही तिला रोखता येतं, हे १९९३ साली कळलं. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रवकुन हे दोन अमेरिकी शास्त्रज्ञ एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीवर काम करत होते. अँब्रोसच्या प्रयोगशाळेत लिन-४ नावाच्या जनुकाचा शोध चालू होता. त्यातून प्रथिन निघेल अशी अपेक्षा होती, निघाला फक्त बावीस अक्षरांचा आरएनएचा तुकडा. रवकुनकडे लिन-१४ या दुसऱ्या जनुकाची प्रत होती. दोघांनी आपापली अक्षरं शेजारी ठेवून पाहिली, तर तो छोटा तुकडा दुसऱ्या प्रतीच्या शेवटच्या भागाशी ठिकठिकाणी जुळत होता. तो तिथे चिकटला की प्रत शाबूत असूनही तिच्यावरून प्रथिन बनणं मंदावत होतं. म्हणजे छपाई चालू, गठ्ठा बाहेर आलेला, पण चलनात जाणाऱ्या नोटा कमी. पुढची सात वर्षं बऱ्याच जणांना ही एका किड्याची खासियत वाटली. मग २००० साली रवकुनच्या प्रयोगशाळेने लेट-७ हा तसाच दुसरा तुकडा शोधला. तो माशीत, माशात, कोंबडीत आणि माणसातही आहे असं दिसलं, आणि सगळे खडबडून जागे झाले. माणसाच्या प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांपैकी निम्म्याहून अधिक जनुकांवर असा लगाम असल्याचं आता मानलं जातं.

हा तुकडा घडतो कसा, ते मी घरी करून पाहते तसंच सांगते. किराणा दुकानातल्या बिलाच्या कागदाची एक लांब पट्टी घ्या. तिच्यावर साधारण सत्तर चौकोन आखा आणि प्रत्येकात ए, यू, जी, सी यांपैकी एक अक्षर लिहा, पण अशा बेताने की पट्टी मधोमध दुमडली की ए समोर यू आणि जी समोर सी यावा. दुमडीपाशी थोडी अक्षरं बिनजोडीची राहू द्या. आता ती पट्टी अंबाड्यात खोवायच्या आकड्यासारखी दिसेल : दोन पाय आणि वर वाटोळा फास. पेशीत याहून लांब दोऱ्यावर असा आकडा तयार होतो. ड्रोशा नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, केंद्रकातच त्याचे पाय खालून छाटतं. मग एक्स्पोर्टिन-५ हे प्रथिन तो आकडा केंद्रकाबाहेर नेतं. बाहेर डायसर नावाचं दुसरं विकर वरचा फास कापून टाकतं. उरतो बावीसेक अक्षरांचा जोडपदरी तुकडा. त्यातला एक पदर अर्गोनॉट हे प्रथिन आपल्या खाचेत धरून ठेवतं, दुसरा बहुधा फेकला जातो. तो धरलेला पदर म्हणजे मायक्रोआरएनए.

तो प्रत ओळखतो ती मुख्यतः दुसऱ्या ते आठव्या अक्षरावरून. लेट-७ मध्ये ही सात अक्षरं आहेत जी-ए-जी-जी-यू-ए-जी. ज्या प्रतीच्या शेपटात सी-यू-ए-सी-सी-यू-सी असेल तिथे ती बसू शकतात. लगाम बसतो तो या सात अक्षरांच्या ओळखीवर, आणि म्हणून एकच मायक्रोआरएनए शेकडो प्रतींवर काम करू शकतो.

काकूंच्या आजाराशी याचा संबंध असा. स्तनाच्या कॅन्सरच्या गाठींत मिर-२१ नावाचा मायक्रोआरएनए नेहमीपेक्षा बराच वाढलेला सापडतो. पेशीच्या वाढीला आवर घालणाऱ्या पीटेन या प्रथिनाची प्रत तो दाबतो. आवरणाराच दबला की वाढ मोकाट सुटते. काकूंच्या उपचारात यावरून आज काही बदल करायचा नसतो. त्यांच्या रिपोर्टमध्ये ईआर, पीआर, हर-२ अशा, गाठीच्या पेशींत कोणती ग्राहक-प्रथिनं आहेत ते सांगणाऱ्या, नोंदी असतील, उपचार त्यांवरून ठरतात. ती फाइल जपून ठेवा आणि दर तपासणीला सोबत न्या.

प्रश्न : मॅडम, मायक्रोआरएनए इतर जनुकांवर नियंत्रण ठेवतात असं पुस्तकात आहे. पण त्यांच्यावर कोण नियंत्रण ठेवतं? आणि कॅन्सरमध्ये ते नेमकं कुठे तुटतं? परीक्षेसाठी नको, मला खरंच कळून घ्यायचं आहे. (एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, कॉलेज रोड)

तुझं शेवटचं वाक्य वाचून पत्र बाजूला ठेवलं आणि चहा करून आणला, कारण हे उत्तर घाईत लिहायचं नव्हतं. एकतीस वर्षं पेशीविज्ञान शिकवलं, पण ‘त्यांना कोण आवरतं?’ असं विचारणारे विद्यार्थी मला मोजकेच भेटले.

वरच्या उत्तरातली बिलाची पट्टी डोळ्यांसमोर ठेव. जनुकापासून अर्गोनॉटपर्यंतच्या वाटेवर प्रत्येक टप्प्याला पेशीचा एकेक पहारेकरी आहे आणि कॅन्सरने त्यातला प्रत्येक जण कुठे ना कुठे फोडलेला आहे.

सर्वांत ढोबळ प्रकार म्हणजे जनुकच हरवणं. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरमध्ये निम्म्याहून अधिक रुग्णांत तेराव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो. तिथे कॅन्सर रोखणारं एखादं प्रथिन-जनुक असणार म्हणून संशोधक कित्येक वर्षं तो भाग चाळत होते. काही हाती लागेना. २००२ साली कार्लो क्रोचे आणि जॉर्ज कॅलिन यांच्या गटाने दाखवलं की त्या तुकड्यात मिर-१५ए आणि मिर-१६-१ आहेत. हे दोघे बीसीएल-२ या प्रथिनाला दाबतात, आणि बीसीएल-२ पेशीला मरू देत नाही. लगाम गेला, मरायला हवी ती पेशी जगत राहिली. मायक्रोआरएनए आणि कॅन्सर यांचा पहिला पक्का दुवा हाच. उलट प्रकारही तेराव्याच गुणसूत्रावर आहे : १७-९२ नावाचा सहा मायक्रोआरएनएंचा झुबका काही लिम्फोमांत, म्हणजे लसीका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये, कित्येक पट वाढलेला सापडतो.

जनुक जागेवर असलं तरी त्याची कळ दुसऱ्याच्या हातात असते. तोच १७-९२ झुबका मिक हे प्रथिन चालू करतं, आणि मिक तर पुष्कळ कॅन्सरमध्ये बेफाम झालेलं असतं. पी-५३ हे आपलं राखण करणारं प्रथिन. डीएनएला इजा झाली की ते मिर-३४ कुटुंबाला कामाला लावतं आणि मिर-३४ पेशीचं विभाजन थांबवायला मदत करतो. हे २००७ साली एकाच वेळी अनेक प्रयोगशाळांनी दाखवलं. पी-५३ बिघडलं की मिर-३४ ला हाक मारणारं कुणी राहत नाही. शिवाय कुलूप लावण्याची एक रीत आहे : जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल गट नावाचे छोटे रासायनिक तुकडे चिकटवायचे. अक्षर एकही बदलत नाही, पण जनुक गप्प बसतं. २००६ साली मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशींना कुलपं काढणारी औषधं दिली तेव्हा मिर-१२७ पुन्हा बोलू लागला. आणि ही कुलपं लावणारी जी विकरं, त्यांतल्या दोघांवर मिर-२९ चा लगाम असतो. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये मिर-२९ कमी झाला की तीच विकरं वाढतात आणि आणखी जनुकांना कुलपं पडतात. म्हणजे कोण मालक, कोण नोकर, हे विचारण्यात अर्थ राहत नाही. ते एकमेकांना बांधलेले आहेत.

आता छाटणीचा टप्पा. २००५ साली निरनिराळ्या गाठींची तुलना केली तेव्हा बहुतेक गाठींत मायक्रोआरएनए एकंदरीतच कमी असल्याचं दिसलं. पुढे त्याची कारणं सापडत गेली. काही गाठींत एक्स्पोर्टिन-५ तुटकं असल्यामुळे आकडे केंद्रकातच अडकून पडतात. लहान मुलांच्या किडनीच्या विल्म्स ट्यूमरमध्ये ड्रोशात दोष सापडतो. मुलांच्याच फुफ्फुसात होणाऱ्या एका दुर्मीळ कॅन्सरमध्ये डायसरचा जन्मजात दोष असतो, तो २००९ साली कळला. डायसरची गंमत मुद्दाम लक्षात ठेव. त्याच्या जनुकाच्या दोन मूळ प्लेट्स असतात, आईकडून एक आणि वडिलांकडून एक. उंदरांवरच्या प्रयोगांत एक प्लेट गेली तर कॅन्सर बळावतो, पण दोन्ही गेल्या तर कॅन्सरच्या पेशीचंही नुकसान होतं. लगाम सैल झालेला तिला चालतो, पार सुटलेला चालत नाही.

माझ्या सर्वांत आवडीचा टप्पा यापुढचा आहे, म्हणून थोडी रेंगाळते. लेट-७ च्या आकड्याचा वरचा फास आठव. लिन-२८ नावाचं प्रथिन नेमका तो फास पकडतं. पकडल्यावर ते एका विकराला बोलावतं आणि ते विकर आकड्याच्या टोकाला यू-यू-यू-यू अशी माळ जोडतं. ती माळ म्हणजे पेशीतल्या सफाई कामगारासाठी खूण : हा मोडीत काढा. डायसरपर्यंत पोचण्याआधीच आकडा संपतो. २००८ साली हे उलगडलं तेव्हा एक जुनं कोडं सुटलं. पुष्कळ पेशींत लेट-७ चं जनुक चालू असतं, लांब दोराही उतरवला जातो, मग तयार लेट-७ का नाही? तर वाटेतच तो कापला जातो. गर्भात लिन-२८ हवंच असतं, कारण तिथे पेशींना भराभर वाढायचं असतं. त्वचेच्या पेशीला पुन्हा मूळपेशी, म्हणजे कुठलीही पेशी होऊ शकणारी पेशी, बनवायला २००७ साली एका गटाने जी चार जनुकं वापरली त्यांत लिन-२८ होतं. वाढ झाली की ते बहुतेक ठिकाणी निजतं आणि लेट-७ वर येतो. काही कॅन्सरमध्ये ते परत जागं होतं. आणि खरी मेख अशी की लेट-७ सुद्धा लिन-२८ ची प्रत दाबतो. दोघं एकमेकांच्या उरावर बसलेले! जो आधी वर गेला तो दुसऱ्याला वर येऊ देत नाही. त्यामुळे अशा पेशीत हा झोक थोडासा ढळला तरी तो तसाच राहून जातो. लेट-७ खाली दबला की रास हे वाढीचं प्रथिन मोकळं होतं.

शेवटी, मायक्रोआरएनए पुरेसा असूनही निरुपयोगी ठरू शकतो. ज्या प्रतीवर तो बसायचा तिचं शेपूटच कॅन्सरची पेशी आखूड करते, मग बसायला जागा नाही. २००९ साली क्रिस्टीन मायर आणि डेव्हिड बार्टेल यांनी कॅन्सरच्या पेशींत अशी आखूड शेपटं दाखवली. दुसरी युक्ती स्पंजाची. पीटेन जनुकाची एक जुनी, प्रथिन न बनवणारी नक्कल आपल्या गुणसूत्रात आहे. तिच्या प्रतीलाही तेच शेपूट असल्यामुळे मायक्रोआरएनए तिच्यावर बसून वाया जातात आणि खरी पीटेन-प्रत वाचते. काही कॅन्सरमध्ये ही नक्कलच हरवते आणि सगळा मारा खऱ्या पीटेनवर येतो.

म्हणून ‘अमुक मायक्रोआरएनए वाढला, तमुक घटला’ अशा याद्या तू पाठ करू नयेस असं मला कळकळीने वाटतं. यादी ताबा सुटल्याचा परिणाम दाखवते. ताबा कुठे सुटला हे शोधायचं तर वाट चालून पाहावी लागते. कागदाची पट्टी घेऊन ये एखाद्या रविवारी, गंगापूर रोडवर माझं घर आहे. संपादकांकडे पत्ता मिळेल.

प्रश्न : हळदीने मायक्रोआरएनए सुधारतात आणि कॅन्सर बरा होतो असा व्हिडिओ मुलाने दाखवला. यजमानांची केमो चालू आहे. हळदीच्या कॅप्सूल सुरू करू का? (एक भगिनी, सातपूर)

नका करू. काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर हळदीतलं कुर्कुमिन हे द्रव्य ओतलं की मिर-२१ कमी होतो, असे प्रयोग झालेले आहेत. पण पोटात घेतलेलं कुर्कुमिन रक्तात फारच थोडं उतरतं, बशीतल्या मात्रेच्या आसपासही जात नाही. शोषण वाढावं म्हणून काही कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालतात आणि त्याने इतर औषधांचं रक्तातलं प्रमाणही बदलू शकतं. भाजीवरणातली हळद नेहमीसारखी चालू द्या. कॅप्सूल आधीच दिल्या असतील तर न घाबरता केमोच्या डॉक्टरांना सांगा, बाटलीच सोबत न्या.

प्रश्न : आमच्या भागात सूत्रकृमी म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात, त्याच सूत्रकृमीने नोबेल मिळवून दिलं हे वाचून नवल वाटलं. माझा प्रश्न सरळ आहे. जो मायक्रोआरएनए वाढलाय तो मारायचं औषध द्या, जो कमी झालाय तो बाहेरून भरा. अडचण कुठे आहे? (द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका)

दादा, आधी त्या किड्याची बाजू मांडते. मुळांना गाठी करणारा तुमचा शत्रू वेगळा. हा त्याचा दूरचा भाऊबंद कुजक्या फळांवरचे आणि मातीतले जिवाणू खाऊन जगतो. पिकाला त्याचा काही त्रास नाही.

तुमचा विचार बरोबर दिशेचा आहे. २०१० साली अमेरिकेत उंदरांवर एक प्रयोग झाला. उंदरांत मिर-२१ मुद्दाम वाढवला तेव्हा त्यांना लिम्फोमा झाला, आणि मिर-२१ बंद केल्यावर काही दिवसांत त्या गाठी विरून गेल्या. तो निबंध मी तीनदा वाचला होता. पण त्या उंदरांत बंद करायची कळ शास्त्रज्ञांनी आधीच बसवून ठेवलेली होती. माणसाच्या गाठीत अशी कळ नसते. तिथे औषध बाहेरून पोचवावं लागतं.

आणि पोचवणं हीच खरी अडचण आहे. उघडा आरएनए रक्तात टिकत नाही, म्हणून तो चरबीच्या सूक्ष्म थेंबात भरावा लागतो. असे थेंब शिरेतून दिले की बरेचसे यकृतात जाऊन बसतात. औषध बागेवर मारायला घेतलं आणि वाऱ्याने बांधावरच पडलं तर काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. मिर-३४ बाहेरून भरण्याची पहिली मानवी चाचणी २०१३ साली सुरू झाली. काही रुग्णांत गाठी आक्रसल्याही. पण प्रतिकारशक्ती उसळून काहींना गंभीर त्रास झाला, मृत्यू झाले, आणि २०१६ साली चाचणी थांबवावी लागली. ज्यांनी त्या चाचणीत आपलं शरीर दिलं, त्यांची आठवण ठेवूनच पुढची औषधं आखली पाहिजेत असं मला वाटतं.

दुसरी अडचण तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली कळेल. तुम्ही एप्रिलमध्ये खरड छाटणी करता आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. वेल तोच, कात्री तीच. एका छाटणीने काडी तयार होते, दुसरीने घड येतो. ऑक्टोबरची कात्री एप्रिलच्या हिशोबाने चालवली तर वर्ष वाया. मायक्रोआरएनएचंही असंच आहे. मिर-१२५बी स्तनाच्या कॅन्सरमध्ये घटलेला सापडतो, तिथे तो वाढ रोखणारा वाटतो. तोच काही ल्युकेमियांत वाढलेला असतो आणि तिथे रोगाला हातभार लावतो. कारण त्या त्या पेशीत त्याच्यासमोर कोणत्या प्रती आहेत यावर त्याचं काम ठरतं. एकाच्या नावाने औषध काढलं की ते शरीरातल्या सगळ्या पेशींत, तो आवरतो त्या शेकडो प्रतींवर चालणार. फेलफुटी, म्हणजे घड नसलेले फुटवे, काढायला माणूस लावावा आणि त्याने पानंही ओरबाडावीत, मग मणी फुगणार कशावर?

काम थांबलेलं मात्र नाही. गाठीच्या पेशीच ओळखून आत शिरेल असं वेष्टन बनवण्यावर आज जोर आहे.

प्रश्न : रक्तातले मायक्रोआरएनए तपासून सगळे कॅन्सर आधीच ओळखतात अशी जाहिरात मोबाइलवर आली. यजमानांच्या गालाला आतून दोन महिन्यांपासून पांढरा चट्टा आहे, तिखट लागलं की झोंबतं. ते तंबाखू खातात. बायोप्सीला तयार नाहीत, म्हणून ही तपासणी करून घेऊ म्हणतात. पैशाची जुळवाजुळव चालू आहे. (एक भगिनी, पंचवटी)

ताई, तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी फोन केला होता. इथे उत्तर छापते आहे ते तुमच्या परवानगीने, कारण असा चट्टा आणखी कुणाच्या घरात असेल.

रक्तात मायक्रोआरएनए सापडतात हे खरं आहे. ते बऱ्यापैकी टिकाऊ असतात आणि कॅन्सरच्या रुग्णांत त्यांचं प्रमाण बदलतं, हे २००८ सालापासून माहीत आहे. वृषणाच्या काही कॅन्सरमध्ये तर मिर-३७१ची तपासणी फार उपयोगी ठरते आहे. तोंडाच्या कॅन्सरमध्येही मिर-२१ आणि मिर-३१ वाढलेले दिसतात. पण ‘एका थेंबात सगळे कॅन्सर’ ही जाहिरात त्याच्या कितीतरी पुढे धावते आहे.

पावसाळ्यात तुम्ही रामकुंडावरून गोदेच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बघता. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, यावरून अख्खं शहर पुराचा अंदाज बांधतं. पण धरणातून विसर्ग वाढला, की वरच्या ओढ्यांनी पाणी आणलं, की शहरातच धो धो कोसळला, हे मारुतीकडे बघून कळत नाही. रक्तातल्या मायक्रोआरएनएचं तसंच आहे. मिर-२१ नुसत्या सुजेनेही वाढतो. शिवाय रक्त काढताना किंवा नेताना तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्या आतले मायक्रोआरएनए बाहेर सांडतात आणि आकडाच बदलतो. रिपोर्ट चांगला आला तर यजमान निर्धास्त होऊन चट्टा तसाच ठेवतील. मला भीती त्याची वाटते.

माझी आत्या सिन्नरची. पहाटे चुलीपुढे बसून मशेरी भाजायची, तो वास मला अजून आठवतो. तिच्या गालात असाच चट्टा आला. तोंड आलंय म्हणून आम्ही तूप लावलं, मग जवळच्या एका दवाखान्यात जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळाल्या, त्या तिने चार महिने घेतल्या. मी तेव्हा कॉलेजात कॅन्सरवरचा धडा शिकवत होते आणि सुट्टीत गेले तरी तिला तोंड उघडायला सांगितलं नाही. मोठ्या दवाखान्यात नेलं तोवर कॅन्सरने जबड्याचं हाड धरलं होतं.

दोन आठवडे झाले आणि चट्टा किंवा जखम गेली नाही, तोंड पूर्वीइतकं उघडत नाही, गिळताना एका बाजूला टोचतं, मानेत गाठ लागते, यातलं काहीही असलं तर दातांच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं. खिडकीजवळ, उजेडात, जीभ बाजूला करून गाल आतून बघायला दोन मिनिटं लागतात. जाहिरातीतल्या तपासणीसाठी जमवलेले पैसे तसेच राहू द्या. तंबाखू आजच थांबली तर उत्तम, पण ती सुटेपर्यंत तपासणी पुढे ढकलू नका. प्रत्येक पांढरा चट्टा कॅन्सर नसतो, पुष्कळ नसतातच. तो आहे की नाही हे सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच ठरतं.

फोनवर मागून यजमानांचा आवाज आला होता, सुई लावली की रोग पसरतो ना म्हणून. त्यांना पुन्हा सांगा : बायोप्सीने तोंडाचा कॅन्सर पसरत नाही. जागा बधिर करून भाताच्या दोन-चार शितांएवढा तुकडा काढतात, गरज पडली तर एखादा टाका घालतात आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो. सोमवारची वेळ मिळाली आहे असं तुम्ही म्हणालात. सकाळी साडेनऊला पंचवटी कारंज्यापाशी थांबा, मी बरोबर येते.